स्पेनच्या आतल्या भागात सायकलसाठी शांत रस्ता कसा निवडावा

स्पेन आणि सायकल म्हटलं की लोक जिरोना नाहीतर मायोर्काचं नाव घेतात. रस्ते सुरेख, कॅफे भरपूर, हे खरंच. पण वसंतात मायोर्कातल्या सा कालोब्राच्या घाटात सायकलींचीच रांग लागलेली असते आणि वळणावर समोरून टुरिस्ट बस येते. माझ्या लेखी शांत रस्ता म्हणजे जिथे मागून गाडीचा आवाज आला की आपण दखल घेतो, कारण बराच वेळ तो आलेलाच नसतो. असे रस्ते देशाच्या आतल्या भागात आहेत: तेरुएल, सोरिया, क्वेंका, ग्वादालाखारा. तेरुएल प्रांतात चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसं राहतात.

तरीही "तिकडे जा आणि कुठलाही गावाकडचा रस्ता धरा" हा सल्ला मला संताप आणतो. माणसं कमी म्हणून रस्ता निर्धोक होत नाही. तो निवडावाच लागतो. मी तेरुएलचंच उदाहरण घेते, कारण तो भाग मी सर्वांत जास्त फिरले आहे.

1. महिना

मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. तेरुएलच्या पठारावरच्या कालामोचा गावात 17 डिसेंबर 1963 ला उणे 30 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या पठारावर मेच्या सकाळीही हातमोजे लागतात.

2. सायकल

28 मिमीचे टायर, मागे किमान 32 दातांचं चाक. बाकी तुमचं तुम्ही बघा.

3. रस्ता निवडणं

सगळी मेख इथे आहे, आणि मलाही सुरुवातीला हेच सर्वांत जड गेलं.

आधी पाट्यांचे रंग शिका. निळी पाटी म्हणजे द्रुतगती मार्ग, लाल म्हणजे राष्ट्रीय रस्ता. त्याखाली प्रादेशिक रस्त्यांचे तीन दर्जे: केशरी, हिरवा, पिवळा. तेरुएल ज्या प्रदेशात येतं त्या आरागोनमध्ये एक सापळा आहे. तिथल्या प्रादेशिक रस्त्यांची नावंही 'ए'नेच सुरू होतात. ए-23 हा चार पदरी आउतोविया, म्हणजे निळ्या पाटीचा द्रुतगती मार्ग, तर ए-226 हा डोंगरातून जाणारा निवांत दुपदरी रस्ता. म्हणून नुसतं अक्षर वाचून रस्ता धरू नका आणि टाळूही नका. 'ए'पुढे तीन किंवा चार आकडे असतील तर रस्ता बहुधा तुमच्या कामाचा.

आउतोपिस्ता हा द्रुतगती मार्गाचा दुसरा, अधिक बंदिस्त प्रकार; त्यावर सायकलला बंदीच आहे. आउतोवियावर मात्र 14 वर्षांवरील सायकलस्वाराला साईडपट्टीवरून जायची मुभा कायद्याने आहे; मनाईची पाटी असेल तिथे तीही नाही. या सवलतीमुळे काही ॲप बिनदिक्कत तुम्हाला आउतोवियावर नेऊन सोडतात. कायद्यात बसतं म्हणून जाऊ नका. ताशी 120 च्या वेगाने ट्रेलर शेजारून गेला की त्याच्या वाऱ्याने हँडल हातात राहत नाही.

पिवळी पाटी दिसली की रस्ता शांत, असं बहुतेक जण सांगतात. हा अर्धवट सल्ला आहे. तेरुएलच्या खाणींतली माती शेजारच्या कास्तेयोन प्रांतातल्या फरशी कारखान्यांना जाते, आणि ती नेणारे ट्रक पाटीचा रंग बघून जात नाहीत. अरुंद रस्त्यावर असा ट्रक मागे लागला की आख्खी सकाळ वाया जाते. उलट एखादा लाल पाटीचा जुना राष्ट्रीय रस्ता ओसाड असतो, कारण शेजारून आउतोविया गेला आणि वर्दळ तिकडे वळली. ए-23 ला समांतर जाणारा जुना एन-234 बऱ्याच पट्ट्यांत असाच आहे: रुंद, सौम्य चढाचा, चांगल्या साईडपट्टीचा आणि रिकामा. देखणा नाही, पण एका खोऱ्यातून दुसऱ्यात पोचायला त्याच्याइतका सोयीचा रस्ता नाही.

मग ओळखायचं कसं? वाहनांची मोजणी वाचून. स्पेनमध्ये केंद्राचं वाहतूक खातं आणि प्रादेशिक सरकारं आपापल्या रस्त्यांवरच्या वर्दळीचे आकडे प्रसिद्ध करतात. त्यात 'आयएमडी' हा रकाना शोधा: वर्षभराच्या सरासरीने रोज दोन्ही दिशांना मिळून किती वाहनं जातात, तो आकडा. समजा तो 400 आहे. यातली जवळपास सगळी वाहनं दिवसाच्या चौदा-पंधरा तासांत जातात, म्हणजे तासाला साधारण 28. त्यातली निम्मी समोरून. मागून येणारं वाहन चारेक मिनिटांनी एखादं. हा शांत रस्ता. आकडा 2,000 असेल तर मिनिटाला एकाहून जास्त गाड्या पाठीमागून येतात, आणि भोवती कितीही सुंदर पाइनचं रान असलं तरी डोकं आरशात अडकून राहतं. माझी मर्यादा 500. त्यापुढचा रस्ता मी फक्त जोडणीपुरता घेते.

त्याच तक्त्यात जड वाहनांची टक्केवारी असते. तीही बघाच. एकूण आकडा लहान आणि टक्केवारी मोठी असेल तर समजा की जवळ खाण किंवा कारखाना आहे. अशा रस्त्यावर रविवारी जा. घाटाचे वळणदार रस्ते मात्र रविवारी मोटरसायकलवाल्यांचे असतात; तिथे मंगळवार-बुधवार बरा. आणि आकडे ताजे हवेत: झारागोझा–बार्सिलोना आउतोपिस्ताचा टोल 31 ऑगस्ट 2021 ला संपला, तेव्हा समांतर रस्त्यावरची वर्दळ तिकडे वळली, म्हणून त्याचे त्याआधीचे आकडे आज निरुपयोगी आहेत.

सायकलस्वारांच्या हीटमॅपवर विसंबू नका. लोक कुठे जातात एवढंच तो दाखवतो. तेरुएलचे कितीतरी उत्तम रस्ते त्यावर काळेकुट्ट दिसतात, कारण तिथे राहतंच कोण!

शेवटी प्रत्येक अनोळखी तुकडा 'इबेरपिक्स'वर उघडा. राष्ट्रीय भूगोल संस्थेचे नकाशे आणि हवाई छायाचित्रं तिथे फुकट बघता येतात. ॲपवर दोन गावांना जोडणारी पांढरी रेघ प्रत्यक्षात ट्रॅक्टरची कच्ची वाट असू शकते. छायाचित्रात करडा पट्टा एकसारखा जात असेल तर डांबर. मध्येच तो भुरा झाला तर माती. स्ट्रीट व्ह्यूवर त्या फाट्याशी उभं राहून आत डोकावा, शंका फिटते. हे करायला एक संध्याकाळ जाते. ती द्या.

4. पाणी आणि जेवण

दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात ती पाचपर्यंत उघडत नाहीत, रविवारी तर नाहीच. बार-खानावळींचं स्वयंपाकघर साडेतीन-चारला बंद. कित्येक गावांत दुकानच नाही. तेरुएलमध्ये 'मुल्तिसेर्विसियो रुराल' अशी पाटी दिसली तर थांबा, तिथे एकाच छपराखाली किराणा, बार आणि कधी खोलीही मिळते. आठवड्यातून एक दिवस तेही बंद असतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करा.

चौकातल्या कारंज्यावरची पाटी वाचून बाटली भरा. 'पोताब्ले' असेल तर निर्धास्त. 'नो पोताब्ले' असेल तर नाही म्हणजे नाही. 'नो त्रातादा' म्हणजे क्लोरीन न घातलेलं पाणी. गावातली म्हातारी माणसं तेच भरून नेतात. मी डोंगरातल्या गावात पिते, शेतांनी वेढलेल्या गावात पीत नाही.

5. कायदा

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे. ओव्हरटेक करताना गाडीने किमान 1.5 मीटर अंतर सोडायचं, आणि समोर मोकळं असेल तर त्यासाठी तिला सलग रेषाही ओलांडता येते. बहुतेक चालक हे पाळतात. तुम्ही कडेच्या खडीत घुसून त्यांना चिंचोळी वाट करून देऊ नका.

6. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ए-226 घ्या. तेरुएलहून सेद्रियास, आलेपूस, बियारोया दे लोस पिनारेस, फोर्तानेते आणि कांताविएखा, सुमारे 90 किमी. वाटेत 1,600 मीटरच्या आसपासचे तीन घाट आहेत: काबिगोर्दो, बियारोया, क्वार्तो पेलादो. एका दिवसात जमतं, पण करू नका. आलेपूस किंवा फोर्तानेतेला मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी क्वार्तो पेलादो ताज्या पायांनी चढा. त्या घाटातली कोरड्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली बांधाची भिंत जवळून बघायला थांबा. प्रत्येक दगड शेजारच्याच्या खाचेत बसवलेला आहे. पुढे कांताविएखाहून मिरांबेलपर्यंत उतार आहे. अल्बारासिन प्रसिद्ध आहे आणि सुंदरही, पण तेरुएलहून तिथे जाणारा ए-1512 शनिवार-रविवारी गाड्यांनी भरतो. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या वारी.

एक सूचना कुत्र्यांबद्दल. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मास्तिन जातीचे प्रचंड राखणदार असतात. वेग वाढवून निसटायचा प्रयत्न कधीच करू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये धरा, डोळ्याला डोळा न भिडवता चालत राहा. कळपापासून तुम्ही पुरेसे लांब गेलात की तो आपण होऊन मागे वळतो. मगच पुन्हा सायकलवर बसा.