भुकटी सुटणारं काँक्रीट: चूक पाण्याची होती

खांबाच्या बुडाशी ओतलेलं काँक्रीट आठवड्यानंतरही नखाने खरवडलं जात होतं. सिमेंट ताजंच होतं, पाणी जास्त पडलं होतं. जास्तीचं पाणी बारीक सिमेंट घेऊन वर येतं आणि उडून गेलं की आत पोकळ्या राहतात.

ते फोडून नव्याने घातलं. प्रमाण 1:2:3, एकाच डब्याने मोजून: 4 लिटर सिमेंट, 8 लिटर वाळू, 12 लिटर 20 मिमी खडी. यातून 24 नव्हे, साधारण 15 लिटर काँक्रीट मिळतं, कारण वाळू खडीच्या फटींत बसते. 4 लिटर सिमेंटचं वजन पावणेसहा किलोच्या आसपास. पाणी त्याच्या निम्मं, म्हणजे 2.9 लिटरच्या आत. वाळू ओली असेल तर आणखी कमी.

आधी रंग एकसारखा होईपर्यंत कोरडं कालवा. मग 2 लिटर पाणी, उरलेलं पेल्यापेल्याने. माल कोरडा वाटला की हात पाण्याकडे जातोच, खरी चूक तिथेच होते. त्याऐवजी दोन मिनिटं जास्त कालवा. थापीने दाबल्यावर ओलसर चकाकी यावी, पाणी साचू नये.

सळईने कोचून हवा काढा, 7 दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आणि रबरी हातमोजे घालाच, ओलं सिमेंट कातडी भाजतं.