गोफर तेच, उवा बदलल्या: शेजारच्या गोफरांवरचे परजीवी तपासताना या चुका टाळा

न्यू मेक्सिकोत रिओ ग्रँडे नदीच्या काठाने पॉकेट गोफर राहतात, उंदरांसारखे कुरतडणारे, बिळं करून राहणारे, एकलकोंडे प्राणी. त्यांच्या अंगावर चावून खाणाऱ्या उवांच्या दोन जाती आहेत, जिओमिडोएकस ऑरेई आणि जिओमिडोएकस सेंट्रालिस, आणि ऑरेई हळूहळू उत्तरेकडे सरकत सेंट्रालिसची जागा घेतेय. वेग वर्षाला किलोमीटरभरही नाही, म्हणून दोन सीझनमध्ये काही दिसत नाही आणि आपण "सीमा स्थिर आहे" असं लिहून मोकळे होतो. पहिली चूक हीच.

दुसरी चूक जास्त महागात पडते. दोन प्रकारचे गोफर भेटतात तिथेच उवांचीही सीमा असणार हे गृहीत धरायचं नाही, कारण ऊ आख्खं आयुष्य गोफरच्या केसांत काढते आणि अंगाला अंग लागलं तरच दुसरीकडे जाते, म्हणजे मुख्यतः मिलनाच्या वेळी नाहीतर आईकडून पिल्लांना, आणि तिची पिढी साधारण ४० दिवसांची तर गोफरची जवळपास वर्षाची. त्यामुळे प्राणी जिथल्या तिथे राहून त्यांच्यावरच्या उवा बदलू शकतात. दोन्ही सीमा वेगवेगळ्या मोजा.

आता पकडलेले गोफर ठेवायच्या पिशवीचं. एका पिशवीत दोन गोफर टाकले की संपलं, यजमान (ज्याच्या अंगावर उवा राहतात तो गोफर) थंड पडला की उवा त्याला सोडून चालायला लागतात. मी एकदा घाईत हे केलं आणि एकाच जनावरावर दोन्ही जाती सापडल्या म्हणून दोन दिवस खुशीत होतो, नंतर कळलं की ते माझ्याच पिशवीचं कर्तृत्व. प्रत्येक प्राण्याला वेगळी पिशवी आणि वेगळी कुपी, आणि फणी दर वेळी नीट साफ करा, दातांत अडकलेला एक केससुद्धा ऊ घेऊन पुढे जातो कारण तिच्या डोक्याला खाचच असते केस धरायला. म्युझियममधली जुनी कातडी विंचरून उवा मिळतात खऱ्या, पण एका ड्रॉवरमध्ये शेजारी ठेवलेल्या कातड्यांवर डोळे झाकून भरवसा नको.

एका गोफरवरच्या दोन-तीन उवा बघून जात ठरवू नका, मिश्र अंगं, म्हणजे दोन्ही जातींच्या उवा असलेले गोफर, तिथेच निसटतात, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात. मादी उवेवर अडलात तर नर ऊ शोधा, जननेंद्रियावरून ओळख पक्की होते. आणि हो, एका अंगावरच्या पन्नास उवा म्हणजे पन्नास स्वतंत्र नमुने नव्हेत, यजमान एकच आहे!

शेवटची चूक म्हणजे एक जात पुढे सरकली की लगेच "स्पर्धेत जिंकली" म्हणणं. उवांना तापमान आणि आर्द्रताही लागू पडते, आणि कधी कधी नुसती आधी पोचलेली जात टिकते. मिश्र अंगांवर एकीची संख्या वाढताना दुसरीची घटते का, आणि तेच ठिकाण परत तपासल्यावर उलटं कधी झालंय का, एवढं हातात आलं की मग स्पर्धेचं नाव घ्या.