जिनिंगच्या जुन्या शेडमधलं कलादालन: महिनाभराच्या कार्यक्रमांची तयारी

गावातल्या जुन्या जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) शेडमध्ये कलादालन असलं, तरी तिथले महिनाभराचे कार्यक्रम म्हणजे रोज कार्यक्रम नव्हे. चार व्याख्यानं, चार सिनेमे, तीन सादरीकरणं आणि दोन राखीव तारखा, एवढंच गावाला आणि करणाऱ्यांना झेपतं. राखीव तारखांना चैन समजू नका. गावात मयत झाली की त्या दिवशी भोंगा वाजत नाही, वाजवूही नये.

तारखा धरण्याआधी आठवडी बाजाराचा वार बघा आणि लाइनमनला कृषी फीडरचं (शेतीपंपांच्या वीजवाहिनीचं) वेळापत्रक विचारा. ओलिताची वीज रात्रपाळीला असली की घरातला कर्ता माणूस हरभऱ्यात नाहीतर गव्हात मोटरपाशी असतो आणि दालनात म्हातारी माणसं अन् पोरं तेवढी येतात. वीज दिवसपाळीला असेल तो आठवडा मोठ्या कार्यक्रमासाठी धरा. १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा: सोयाबीन कधीच निघालेलं, तूर निघत आलेली, कापसाची वेचाई उतरणीला लागलेली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे मात्र याच दिवसांत झाडीपट्टी नाटकांचा (तिथल्या रात्रभर चालणाऱ्या लोकप्रिय नाटकांचा) हंगाम भरात असतो. वडसाच्या एखाद्या नाटक कंपनीचं नाटक जवळच्या गावात लागलं असेल त्या रात्री कलादालनाला कुलूप घातलेलं बरं. जंगलालगतच्या गावात सगळं साडेसातच्या आत आटोपा किंवा टोल्यावरच्या (दूरच्या वस्तीवरच्या) माणसांना सोडायला गाडी ठेवा. वाघाच्या वाटेवरून अंधारात कोणाला पायी पाठवू नये. नागपूरहून येणाऱ्या वक्त्याला परतीची शेवटची एसटी आधीच सांगा, नाहीतर त्याच्या मुक्कामाची सोय करा.

बहुतेक गणितं विजेपाशी चुकतात. प्रोजेक्टर सुमारे ३०० वॅट, लॅपटॉप ६५, आवाजाचा बॉक्स १००, म्हणजे एकूण ४६५. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. पण निम्म्याच्या खाली उतरवली की बॅटरी लवकर मरते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. हाती उरतो दीड तास. दोन तासांच्या सिनेमाला दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर लागतो. त्याच्या मागचं बटण यूपीएसवर ठेवा. घरगुती मोडवर वीज जाताना क्षणभर खंड पडतो, प्रोजेक्टर बंद होतो आणि दिव्याचा प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. तेवढ्या वेळात मागची रांग उठते. यूपीएस मोडची खोड वेगळी: व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो वीज असूनही बॅटरीवर जातो. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की हेच होतं आणि सिनेमाच्या शेवटी बॅटरी रिकामी निघते. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग इन्व्हर्टर. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर प्रोजेक्टर लावू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय न्यूट्रल सैल असला तर यंत्र जळतं.

पडदा ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच. लोक सतरंजीवर बसणार, तेव्हा खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर हवी, नाहीतर खालच्या ओळी पुढच्यांच्या फेट्या-पदरांआड जातात. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर १२ फुटांवर येतो, म्हणजे ऐन प्रेक्षकांत. तो वरच्या कैचीला (छताच्या सांगाड्याला) टांगा. शेडच्या छतातले पारदर्शक पत्रे दिवसा उजेड सोडतात, म्हणून सिनेमा सातच्या आधी नको. एचडीएमआय केबल १० मीटरच्या आत ठेवा, लांब केबलवर चित्र लुकलुकतं. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावा; वेगवेगळ्या बोर्डांमुळे बॉक्समधून घुंऽऽ ऐकू येतं. सिनेमा त्याच लॅपटॉपवर आदल्या दिवशी शेवटपर्यंत चालवून बघा, पहिली पाच मिनिटं बघून भागत नाही.

पत्र्याखाली आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर बिछायत केंद्राचे (मंडप-सतरंज्या भाड्यानं देणाऱ्याचे) जाड पडदे किंवा गोधड्या सोडा, बॉक्स माणसांच्या डोक्यावरून खाली झुकवा आणि माइक बॉक्सच्या मागे ठेवा, म्हणजे शिट्टी वाजत नाही. दिवस मावळल्यावर पत्रा थंड होताना तडतडतो, त्यामुळे व्याख्यान दुपारी चारला बरं: ४० मिनिटं बोलणं, २० मिनिटं प्रश्न. मार्कंड्याच्या मंदिरातल्या किंवा मनसरच्या उत्खननातल्या शिल्पांवर बोलणाऱ्याकडे चित्रं भरपूर असतात. फाइल पीडीएफच मागा. जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या लॅपटॉपवर अगम्य चिन्हं होऊन बसतं.

खडी गंमत (विदर्भातलं लोकनाट्य), खंजिरी भजन दालनात मावतं. रात्रभराचं झाडीपट्टी नाटक मावत नाही, त्याला मंडपच हवा. थंडीच्या दवात डफ-खंजिरीचं कातडं ढिलं पडतं, ते शेकायला शेकोटी लागते. ती शेडपासून निदान ३० फूट दूर, वाऱ्यानं ठिणग्या शेडकडे येणार नाहीत अशा बाजूला, आणि शेजारी पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग नको. जुन्या जिनिंगच्या कैच्यांवर रुईचा थर असतोच. तो आधी झाडून काढा, मगच वायरिंग. इसार अर्धा, उरलेले पैसे त्याच रात्री रोख. रेंजच्या भरवशावर कलावंताला बसवून ठेवू नका.

चित्रांपुढे ३ फुटांवर दोरी बांधा, नाहीतर भिंतीला टेकून बसायची सवय कॅनव्हासला भोवते. कार्यक्रमाआधी जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ६०० चौरस फुटांत वाट सोडून ७० माणसं बसतात. जास्त आली तर दुसरं दार मोकळं ठेवून बाकीच्यांना बाहेर बसवा.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण सोडून चालत नाही. भोंग्याची पोलीस परवानगी आठवडाभर आधी घ्या, आणि ती रात्री दहापर्यंतच. संहितेच्या नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र आणि हक्कधारकाची लेखी संमती दोन्ही हवीत; पेन ड्राइव्ह हातात असला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

प्रचाराला चक्की, दूध डेअरी आणि बाजाराचा दिवस पुरे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दवंडी द्या. शेवटी प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका आणि केबली मोजूनच बिछायतवाल्याच्या गाडीत सतरंज्या भरा, कारण हरवलेली केबल बहुधा सतरंजीच्या गुंडाळीत निघते.