चंद्राच्या काळोख्या भागात पृथ्वी कशी पाहायची

शुक्ल तृतीयेला आमच्या गच्चीवर सोसायटीतली पोरं जमतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, चंद्रावर कोणी राहतं का?" नाही राहत. पण लांबच्या एखाद्या ग्रहावर कोणी राहत असेल तर ते इथे बसून ओळखायचं कसं, याची रंगीत तालीम चंद्राकडे बघून करता येते.

तृतीया किंवा चतुर्थी निवडा. माघ ते चैत्र उत्तम, कारण आकाश स्वच्छ असतं आणि कोर होडीसारखी आडवी दिसते. (भाद्रपदातल्या चतुर्थीला आजी चंद्राकडे बघू द्यायची नाही. फारसं बिघडायचं नाही, तेव्हा ढगच असायचे.) सूर्य मावळल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. घाई केलीत तर संधिप्रकाशात काही दिसणार नाही. फार रेंगाळलात तर चंद्र धुरकटात उतरेल.

कोरीच्या झगमगाटाने बाकीचा चंद्र दिसत नाही. म्हणून गच्चीच्या कठड्यामागे असं बसा की खालची उजळ कोर कठड्याआड जाईल. वर उरलेला राखाडी गोळा एकदम उठून दिसतो. १०×५० ची दुर्बीण असेल तर कोपरं कशावर तरी टेकवा. मी पाण्याच्या टाकीवर टेकवते. वरच्या काठाजवळ गडद ठिपका दिसेल, तो ग्रिमाल्डी नावाचा चंद्रावरचा खड्डा. त्याच्या उजवीकडे जरा खाली पांढुरका ठिपका, तो अरिस्टार्कस, हाही खड्डाच.

हा राखाडी उजेड म्हणजे पृथ्वीप्रकाश. सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, तिथून चंद्रावर जातो आणि परत आपल्याकडे येतो. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीनं हे ओळखलं होतं. आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा चंद्रासमोर आफ्रिका, युरोप आणि अटलांटिक उन्हात असतात. म्हणजे टाकीवर कोपरं टेकून तुम्ही बघताय तो उजेड काँगोच्या जंगलावरून आणि सहारावरून आलेला आहे, सगळा एकत्र कालवून. परग्रहही दुर्बिणीत असाच एक ठिपका दिसेल. त्याचे खंड वेगळे दिसणार नाहीत.

आता खरी गंमत. हिरवं पान लाल रंग शोषतं, पण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड भरपूर परत फेकतो. त्यामुळे वर्णपटात, म्हणजे उजेड रंगारंगांत पसरून काढलेल्या आलेखात, तिथे एकदम चढ येतो. ७६० नॅनोमीटरला हवेतला ऑक्सिजन उजेड शोषून खाच पाडतो. पृथ्वीप्रकाशात जीवसृष्टीच्या या दोन्ही खुणा सापडतात. पण पोरं विचारतात, तो उजेड आपल्याच हवेतून येतो ना, मग ऑक्सिजन कुठला धरायचा? प्रश्न बरोबर आहे. उत्तर त्या कोरीतच आहे, जी आपण कठड्याआड लपवली. कोरीचा उजेड सूर्याकडून थेट चंद्रावर पडून आपल्याच हवेतून येतो. राखाडी भागाच्या वर्णपटाला कोरीच्या वर्णपटानं भागलं की सूर्य आणि ही शेवटची हवा बऱ्याच अंशी वजा होते. उरतं ते पृथ्वीचं.

चंद्राजवळ जाऊन थेट पृथ्वीकडे पाहिलं तर हा भागाकारही नको. चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर (लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागावर) म्हणूनच 'शेप' नावाचं उपकरण होतं. २३ ऑगस्ट २०२३ ला सगळा देश लँडरकडे डोळे लावून बसला होता, आणि हे वर, चंद्राच्या कक्षेत, आपल्याच घराकडे बघायला ठेवलेलं. पृथ्वीचा अवरक्त उजेड आणि त्याचं ध्रुवीकरण (त्याच्या लाटा कुठल्या दिशेनं थरथरतात ते) मोजायचं, म्हणजे राहण्याजोगा ग्रह लांबून कसा दिसतो याचा नमुना हाती राहतो. त्याची चर्चा फार कमी झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

एवढं जमलं की पुढची पायरी: कृष्ण द्वादशी-त्रयोदशीला पहाटे उठा. तेव्हा चंद्रासमोर पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक असतात. चिलीतल्या व्हीएलटी या प्रचंड मोठ्या दुर्बिणीनं २०११ मध्ये वेगवेगळ्या दिवशी असाच पृथ्वीप्रकाश तपासला, तेव्हा समोर समुद्र जास्त की झाडी जास्त, हा फरक कळला होता. आपल्या डोळ्यांना तो कळणार नाही. तरी वहीत दोन रकाने आखा, संध्याकाळ आणि पहाट, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळी चंद्रासमोर कुठला देश होता ते पृथ्वीगोल फिरवून लिहा.