मंडळीच्या पडद्यासाठी मोफत सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

लहान मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गीतं पडद्यावर दाखवायला प्रोजेक्टर आला की तरुण संघातल्या कुणाचा तरी शनिवारी रात्री दहाला फोन येतो. "दादा, चांगलं फुकट सॉफ्टवेअर सांगा, उद्याच लावायचंय." माझं उत्तर ठरलेलं. उद्या गीतपुस्तकंच वाटा, पडद्याचं पुढच्या रविवारी बघू.

घोळ बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतो, गीतं कशात टाईप केली त्यात असतो. भायखळ्याच्या एका मंडळीत उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी मदतीला होतो. साठेक गीतं डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये करून दिलेली. ऐन वेळी लॅपटॉप बंद पडला, दुसरा जोडला, आणि पहिल्याच गीताला पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा क म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आता मोठ्या अक्षरात दिसणार म्हणून पुस्तक घरी ठेवून आलेल्या दोन आजी संपूर्ण उपासनाभर गप्प बसल्या. ते मला अजून डाचतं.

तेव्हापासून गीत हातात आलं की आधी ते व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करून स्वतःला पाठवतो. तिथे वाचता आलं तर ते युनिकोड, म्हणजे 'क' हा क म्हणूनच साठवलेला, नाहीतर नव्याने टाईप. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापरायचा तर रफार आणि जोडाक्षरं ओळीओळीने तपासा. तेवढा धीर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मगच सॉफ्टवेअर. ओपनएलपी आणि फ्रीशो दोन्ही मोफत, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारी. मी ओपनएलपी लावतो. ध्रुवपद एकदाच टाईप करायचं आणि कडव्यांचा क्रम लिहून द्यायचा. पाळकांनी अचानक दुसरं कडवं पुन्हा घ्यायला सांगितलं तर थेट त्यावर क्लिक. स्लाइड शोमध्ये त्या वेळी मागे-पुढे पळावं लागतं. पण आधी 'ख्रिस्त' आणि 'आशीर्वाद' हे दोन शब्द प्रत्यक्ष पडद्यावर बघा, जोडाक्षर आणि रफार नीट दिसतात का ते कळतं. फॉन्टसाठी मी मुक्ता घेतो. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला, मोफत.

महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी देवाच्या घरात नको. व्हायरसचा धोका आहेच, पण मुळात ती चोरी आहे.

ट्रायलला मोफत समजू नका.

स्क्रीन 'डुप्लिकेट' ठेवू नका. विंडोज आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' करा, नाहीतर पुढचं गीत शोधताना तुमचा सगळा डेस्कटॉप मंडळीसमोर येतो.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, एका वेळी चार ओळी. वाहते धबधबे आणि ढग मी लावू देत नाही, शेवटच्या बाकावरून शब्द दिसत नाहीत.

दर महिन्याला गीतांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आमचा पेनड्राइव्ह प्रभुभोजनाच्या भांड्यांच्या कपाटात असतो, त्याची किल्ली दोघांकडे.