उन्हात धूर आला की कूलरवाल्या घरांनी या चुका टाळा

मे महिन्यात माझ्या दुकानात येणाऱ्या फोनांपैकी बऱ्याच फोनांत कूलरला काहीच झालेलं नसतं. "कूलर गार हवाच देईना." "कूलर जळकट वास मारायलाय." "पंप गेलाय, नवा घेऊन या." जाऊन बघावं तर पंप चालू, गवत ओलं, मोटर ठणठणीत. चूक असते ती कूलर कुठं ठेवला आणि कधी चालवला यात.

परभणीत राहायचं म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं कुणाला कौतुक नाही. पण याच दिवसांत पेरणीआधीची साफसफाई सुरू होते. धुरे म्हणजे शेतांचे बांध पेटतात, कापसाच्या पऱ्हाट्या पेटतात, उसाचं पाचट पेटतं, शहराच्या कडेला कचऱ्याचा ढीग आपला आपण धुमसत असतो. उन्हासाठी आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की खिडक्या उघडा, कूलर लावा, रात्री गच्चीवर झोपा, पहाटे फिरायला जा. धुरासाठी शहाणपण याच्या नेमकं उलटं: दारं-खिडक्या लावा आणि घरात बसा. दोन्ही एकाच वेळी पाळायला गेलात तर घराची भट्टी होते. मी आधी उन्हाला घाबरतो, मग धुराला. ऊन म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या दुपारी आडवं करू शकतं. घरात दमेकरी असेल, कुणाला हृदयविकार असेल किंवा पोटुशी बाई असेल, तर मात्र धुरालाही तेवढाच मान द्यायचा.

कूलर खोलीत ओढून खिडक्या लावणं

ही चूक दर उन्हाळ्यात दिसते आणि दरवेळी माझं डोकं फिरतं.

कूलर म्हणजे एसी नव्हे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून हवा गार होते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की चांगला कूलर दहा-बारा अंशांचा फरक सहज पाडतो. पण त्यासाठी मागून कोरडी हवा आत यायला हवी आणि समोरून दमट हवा बाहेर पडायला हवी. खोली बंद केली की तीच दमट हवा पुन्हा पुन्हा गवतातून फिरते. अर्ध्या-पाऊण तासात हवा वाफेने भरते, घाम वाळत नाही, आणि अंग गार ठेवायची आपल्या शरीराची मुख्य युक्ती बंद पडते.

एका घरून संध्याकाळी फोन आला. वस्तीमागच्या शेतात धुरे पेटवलेले, धूर थेट त्यांच्या गल्लीत. पोरांनी शहाणपणा केला. खिडकीतला कूलर उचलून खोलीच्या मधोमध ठेवला, सगळ्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओली साडी खोचली. मी गेलो तेव्हा आरशावरून पाणी ओघळत होतं, गादीवरची चादर हाताला ओलसर लागत होती, आणि तक्रार काय, तर पंप गेलाय. पंप मस्त चालला होता. माझं लक्ष कोपऱ्यातल्या आजोबांकडे गेलं. त्यांचे कूलर मीच दुरुस्त करत आलोय, मला बघितलं की आधी चहा सांगणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कोण पाव्हणं तुम्ही?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. अंग तव्यासारखं. सूनबाई तापाची गोळी शोधत होत्या.

तापाची गोळी उष्माघातात काही करत नाही. तो ताप नसतोच, शरीराची गार व्हायची यंत्रणाच कोलमडलेली असते. शुद्ध डळमळीत असेल तर तोंडात पाणीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. आम्ही खिडक्या उघडल्या, धूर तर धूर. सदरा काढला, ओले टॉवेल अंगावर टाकले, मान, काखा आणि जांघेत थंड पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, पंखा पूर्ण सोडला आणि १०८ ला फोन केला. आजोबा दवाखान्यातून घरी आले. पण त्या पोरांनी अजून तासभर पंपालाच शिव्या दिल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

बडबड, गोंधळ, ओळख न पटणं, तोल जाणं, फिट येणं, यातलं काहीही उन्हाळ्यात दिसलं तर ते वयामुळे असेल असं म्हणून सोडून देऊ नका. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हाही गैरसमज आहे. घाम येत असतानाही होतो.

मग धूर आला की करायचं काय? माझ्या घरी जे करतो ते सांगतो. धुराचा जोर बहुतेक वेळा संध्याकाळनंतर असतो. दिवसा तापलेली जमीन धूर वर ढकलते. रात्री जमीन निवली, वारा पडला की तोच धूर खाली बसतो आणि सकाळी आठ-नऊपर्यंत गल्लीत रेंगाळतो. अडचण अशी की दिवसभर तापलेला स्लॅब आपली उष्णता नेमकी संध्याकाळीच खोलीत सोडायला लागतो. म्हणून मी पाच-साडेपाचलाच, धूर यायच्या आत, गच्चीवर पाणी मारतो. त्यासाठी आरओ मशिनीचं वाया जाणारं पाणी साठवून ठेवतो. ते कूलरमध्ये घालू नका, क्षार साचून गवताचं दगड होतं. मग घर कूलरने पोटभर गार करून घेतो. वास यायला लागला, समोरची पाण्याची टाकी अंधुक दिसायला लागली, रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडं दिसलं, की कूलर बंद, खिडक्या बंद, पंखा चालू आणि अंगावर ओला पंचा. कोरड्या अंगावर चाळिशीपारची हवा फेकणारा पंखा अंग तापवतो. ओल्या अंगावर तोच पंखा गार करतो. धूर ओसरला की सगळं उघडून कूलर पुन्हा पूर्ण सोडायचा, अडकलेला धूर काही मिनिटांत बाहेर जातो.

धूर रात्रभर हटत नसेल तर म्हाताऱ्यांना आणि लेकरांना गावाच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्याकडे झोपायला पाठवा. एसीवाला शेजारी असेल तर लाज सोडा. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, म्हणून अशा दिवशी तो बरा. विंडो एसीला बाहेरची हवा घ्यायची एक खटकी असते, ती बंद आहे ना बघा. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षं उघडी असते आणि घरच्यांना ती आहे हेच माहीत नसतं.

कूलरचं ओलं गवत धूर गाळतं, हा भ्रमही काढून टाका. धूळ अडते, मोठी राख अडते. फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनहून बारीक कण मजेत आत येतात. एका गिऱ्हाइकाने महागडं एअर प्युरिफायर आणलं आणि कूलरच्या शेजारी मांडलं. कूलर दर दोन-चार मिनिटांनी अख्ख्या खोलीची हवा बदलतोय, ते बिचारं मशीन गाळणार कुणाला? प्युरिफायर बंद खोलीतच चालवायचं, म्हणजे एसीसोबत किंवा नुसत्या पंख्यासोबत.

"थोडं थोडं करंट मारायलंय, पण हवा चांगली देयलंय"

हे वाक्य माझ्या तोंडावर म्हणणाऱ्या माणसाचं काम मी कूलरपासून सुरू करत नाही, बोर्डापासून करतो. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि पाणी भरणारी बाई अनवाणी. पंपाचं आवरण तडकलं की अख्खं खोकं करंटमध्ये येतं. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तरी लोकांचा उपाय काय, तर चप्पल घाला आणि लाकडी पाटावर उभं राहून पाणी भरा.

एका ठिकाणी मुलाने ऑनलाइन कूलर मागवला, मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच बसवला. मिस्त्रीचे दोनशे रुपये वाचले. बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती, जुनी भाड्याची खोली. कुणीतरी त्याला सांगितलं की अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून टाक, चालतं. त्याने प्लगच्या आत जोडून टाकलं. दोन आठवडे चाललंही. मग एका संध्याकाळी बोर्डातली न्यूट्रलची वायर सुटली आणि त्या जोडामुळे कूलरचा पत्रा जिवंत झाला. त्याची आई स्टीलच्या बादलीने पाणी ओतत होती. झटक्याने ती मागे फेकली गेली म्हणून वाचली, हात चिकटला असता तर संपलं होतं. पोरगा मला म्हणतो, "पण एमसीबी होती की, पडली कशी नाही?"

माणसाला शॉक लागला म्हणून एमसीबी पडत नसते. ती जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडते, म्हणजे वायर वाचवते. माणसाला वाचवणारी वस्तू वेगळी. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारं बटण, तीस मिलीॲम्पिअरची. फार तर एका चांगल्या पंपाच्या काही पट किंमत. ती लावा, अर्थिंग तपासून घ्या, प्लग तीन पिनांचाच ठेवा, आणि पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि फेज, म्हणजे करंटची वायर, कूलरपर्यंत पोहोचलेली असते. घाई असेल तर पाणी नंतर भरा. मोटर सुकी दहा मिनिटं चालली तर काही बिघडत नाही, पंप तेवढा बंद ठेवा.

व्हिडिओ बघून काम शिकायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती व्हिडिओतला "सावधान" म्हणणारा भाग पुढे ढकलून बघण्याला.

बाकीच्या, थोडक्यात

खिडक्या बंद, आणि आत डासांची अगरबत्ती. बाहेरचा धूर नको म्हणून घरचा धूर कोंडून घेतलात. मच्छरदाणी लावा.

नाकाला ओला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की बारीक धूर अडतो, असं नाही. एन-९५ मास्क लागतो, दोन्ही पट्टे डोक्यामागून घेतलेला आणि नाकावरची पट्टी दाबलेला. हनुवटीवरचा मास्क हनुवटीचंच रक्षण करतो.

पहाटे पाचची फेरी. उन्हाच्या हिशोबाने बरोबर, पण धुमसणाऱ्या दिवसांत धूर तेव्हाच सर्वांत खाली असतो. त्या दिवशी घरात सूर्यनमस्कार घाला.

ओआरएसची पुडी एका ग्लासात. सगळ्यात चिडवणारी चूक. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, नाहीतर फेकायचं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजाने मूठभर मीठ टाकणाऱ्यांनी ताक प्यावं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ किंवा पाणी मोजून सांगितलंय त्यांनी आधी त्यांनाच विचारावं.

कूलरमध्ये बर्फ. घटकाभराचं समाधान. गारवा वाफ होण्यातून येतो, बर्फातून फारसा नाही.

पत्र्यावर सावलीसाठी कडबा आणि तुराट्या पसरणं. युक्ती जुनी आणि चांगली, पण शेजारच्या शेतात धुरा पेटलेला असताना एक ठिणगी पुरते. पांढरा रंग किंवा चुना मारा, नाहीतर शेतीची हिरवी जाळी पत्र्यापासून हातभर वर बांधा.

कूलरचं पाणी महिनाभर तसंच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस सांगतात. नुसतं ओतून देऊ नका, टाकीच्या कडा घासा, अंडी तिथं चिकटलेली असतात. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्यांना हे जिवावर येतं, मला कळतं. ते पाणी झाडांना घाला.

आणि अंगणातला कडुनिंबाचा पाला झाडून पेटवणारे. हेच लोक संध्याकाळी "कूलर वास मारतोय" म्हणून फोन करतात. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर बंदी घातली आहे, पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. पाला कोपऱ्यात खड्ड्यात टाका, पावसाळ्यानंतर खत निघतं. शेतकऱ्यांना शहाणपण शिकवणारा मी कोण, पण पाचट शेतात ठेवून ओल टिकवणारे लोक मी याच जिल्ह्यात बघितलेत.

जूनमध्ये आभाळ भरून आलं, चिकचिक सुरू झाली की पुन्हा फोन येतात, "कूलर गार करंना." तेव्हा हवेतच पाणी भरलेलं असतं, वाफ होणार कुठून? पंपाचं बटण बंद करा आणि नुसता पंखा चालवा, बरं वाटेल. टाकी रिकामी करून पुसून ठेवा, गवत काढून टाका. नवं गवत मार्चमध्ये घ्या. मेमध्ये भाव दीडपट होतो आणि तेव्हा मलाही फोन उचलायला वेळ नसतो.