अण्णांचं डायलिसिस आणि रेशनकार्डावरचं नाव

अण्णांनी सोलापुरात तीस वर्षं यंत्रमाग चालवला. मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तीन महिने आम्ही खिशातून पैसे भरले. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे माहीतच नव्हतं. खरं तर २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावानं ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूरही होतं!

मग योजनेतल्या रुग्णालयात गेलो. तिथल्या आरोग्यमित्रानं (रुग्णालयात योजनेचं काम बघणारा माणूस) कागद बघितले आणि मान हलवली. आधारवर 'विठ्ठल', रेशनकार्डावर 'विठल'. एका 'ठ'नं अडवलं. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला अर्ज दिला, चार हेलपाटे झाले (एकदा साहेब जेवायला, एकदा सर्व्हर डाऊन), पण झालं. परत आरोग्यमित्राकडे गेलो, मंजुरी आली. आता डायलिसिसला एक रुपया लागत नाही. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे.

आधी भरलेले पैसे मात्र गेलेच. योजना कॅशलेस आहे, जुन्या पावत्या चालत नाहीत. म्हणून उपचार सुरू करण्याआधीच योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन करून विचारा, आणि दोन्ही कार्डांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा.